घरचं गॅरेज: खड्डा नको, फरशी धड करा

घराशेजारी गाड्यांसाठी शेड बांधलंय म्हणल्यावर बघायला येणारा प्रत्येक माणूस आत शिरला की आधी खाली बघतो आणि विचारतो, "खड्डा कुठाय?" गॅरेज म्हणजे खड्डा हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, कारण हायवेच्या कडेला ट्रकच्या गॅरेजमध्ये लहानपणापासून तेच बघितलंय, मेस्त्री खड्ड्यात उभा, वरनं तेल गळतंय आणि पोऱ्या पाना देतोय. तर आमच्यात खड्डा नाही, आणि तो मुद्दाम नाही. ज्यांना फक्त पान्यांची यादी पाहिजे त्यांनी सरळ खाली शेवटाकडं गेलं तरी चालतंय, पण माझं म्हणणं असंय की घरी गॅरेज करायचं तर पैसा जमिनीत, छतात आणि वायरिंगमध्ये घालायचा, पाने हळूहळू होतात, आणि बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

आमचं घर कोल्हापूरच्या बाहेर, करवीर तालुक्यात, तीन बाजूला ऊस आणि एका बाजूला रस्ता. गाड्या तीन. अण्णांचा चेतक (बजाजची स्कूटर), जो त्यांनी नंबर लावून, वाट बघून घेतला होता आणि जो विकायचा विषय घरात काढायचा नाही. माझी यामाहाची मोटरसायकल आरएक्स १००, ही १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं बनली, म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी कुठलीही घ्या, ती तिशीच्या आसपास नाहीतर पुढंच, आणि त्या वयाच्या टू-स्ट्रोकचं दर महिन्याला काहीतरी खुसपट निघतंच. तिसरी मारुती ८००, ही बनायची बंद झाली जानेवारी २०१४ ला, पण अजून तिचे पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावाला मिळतात. गावातले टू-स्ट्रोकचे हाताचे मेस्त्री एकेक करून थकले, पोरं आता स्कॅनर लावून काम करतात, त्यात त्यांची चूक काही नाही, पण कार्बोरेटर ऐकून लावणारा माणूस मिळेना म्हणून घरीच करायला लागलो. पोर्चमध्ये करत होतो तोपर्यंत पावसाळ्यात अर्धी खोललेली गाडी आणि तिच्यावर ताडपत्री असं चित्र असायचं, आणि आई येता-जाता म्हणायची, "हे कधी उचलणार हाईस?"

आता खड्डा का नको ते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत सरकत जाते आणि खोलगट जागा मिळाली की तिथं उतरून बसते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड टक्क्याच्या आसपास गेलं तरी पेट घ्यायला पुरतं, आणि तेवढ्यासाठी काय लागतंय, कार्बोरेटर काढताना पाइपमधनं सांडलेलं वाटीभर पेट्रोल. तुम्ही खड्ड्यात, हातात हँडलॅम्प, तो पडला, फुटला, झालं. वर शेजारी कोणी ग्राइंडर चालवत असंल तर तेवढंही नको. मग ट्रकवाले कसे करतात? कारण त्यांचं डिझेल आहे. डिझेल आपल्या साध्या हवेत पेटण्याएवढी वाफ सहसा सोडत नाही, पेट्रोल थंडीत उणे तापमानातसुद्धा सोडतं. त्यामुळं "आमच्या गावात पन्नास वर्षं खड्डा आहे काही झालं नाही" हे जे सांगतात ते खोटं बोलत नाहीत, फक्त त्यांच्या खड्ड्यावर उभी राहणारी गाडी वेगळी.

दुसरी गोष्ट पाणी. कोल्हापूरकडं जुलैत जमिनीतनंच पाणी वर येतं. साडेचार फूट खोल खड्डा घ्यायचा म्हणजे त्याला चारी बाजूनं आरसीसी, वॉटरप्रूफिंग, शिवाय पाणी उपसायला पंप, म्हणजे खड्ड्याचा खर्च शेडच्या बरोबरीला. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आणि तिसरं म्हणजे खड्डा जागेचे दोन तुकडे करतो. गाडी नसली की त्याच्यावर फळ्या टाका, फळ्यांवरनं जॅक फिरत नाही, ट्रॉली फिरत नाही, घरात लहान पोरं असली की रोज धाकधूक. एवढं सगळं करून वर्षातनं किती वेळा गाडीखाली उभं राहायचंय? ऑइल बदलणं, सायलेन्सर, सस्पेन्शनचे बुश, बास.

त्याच्याऐवजी ट्रॉली जॅक आणि चार जॅक स्टँड. आमच्याकडं स्टँडला घोडी म्हणतात. मारुती ८०० चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, म्हणजे तीन-तीन टनांच्या घोड्या तिला पुरून उरतात. फक्त एक नियम, जॅकवर गाडी उचलायची, घोडीवर ठेवायची, हातानं गाडी चांगली हलवून बघायची आणि मगच खाली जायचं, जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. आणि विटांवर गाडी ठेवायची नाही, सिमेंटच्या पोकळ ब्लॉकवर तर अजिबात नाही. वीट आधी वाकून दाखवत नाही, एकदम फुटते. गावात सगळे विटाच लावतात हे मला माहितीय.

पण घोड्या लावायच्या तर खालची जमीन तशी पाहिजे, आणि इथं खरी गंमत सुरू होते. गाडीचं वजन चार चाकांवर पसरलेलं असतं तोपर्यंत कुठलीही फरशी चालते, तेच वजन घोडीच्या चार बारक्या पायांवर आलं की फरशीची परीक्षा. घरात लावतात त्या व्हिट्रिफाइड टाइल्स खाली जरा पोकळ असल्या की कट्कन जातात. शहाबादी तेल पिते आणि तिचे पापुद्रे सुटतात. कोटा चांगला, टिकतो, पण त्याच्यावर दोन थेंब ऑइल पडलं की हाडं मोजायची वेळ येते. म्हणून साधं काँक्रीट. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बरं.

फक्त आमच्याकडची जमीन काळी. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, आणि तिच्यावर थेट काँक्रीट टाकलं की दोन पावसाळ्यात फरशीचा नकाशा होतो. गवंडी म्हणत होता, "सर, शेडच तर हाय, टाकू की वरनं चार इंच." शेडच आहे म्हणून तर. आम्ही दोन फूट काळी माती काढली, मुरूम भरला, तो पण एकदम नाही, सहा-सहा इंचाचा थर, पाणी मारायचं, धुमस मारायचा, परत थर. त्याच्यावर सोलिंग म्हणजे दगड रचून केलेला थर, फटीत मुरूम, मग प्लॅस्टिकचा जाड कागद म्हणजे खालची ओल वर येणार नाही, आणि त्यावर पाच इंच काँक्रीट, मध्ये आठ एमएमच्या सळीची जाळी. वरनं एकदम गुळगुळीत घोटून घेतलं नाही, हलका ब्रश मारून घेतला, म्हणजे पाय सरकत नाही. शटरकडं उतार, शंभर फुटाला एक फूट या हिशोबानं, म्हणजे वीस फुटांत साधारण अडीच इंच. यापेक्षा जास्त उतार दिला की ट्रॉली जॅक स्वतःच फिरायला निघतो. आणि पाणी मारलं, सलग पंधरा दिवस, कडेनं मातीचे बांध घालून पाणी साठवून. या एका कामाला कोणाला जास्त पैसे द्यावे लागत नाहीत तरी सगळे इथंच आळस करतात.

फरशीवर इपॉक्सी पेंट मारायचा का हे पण सगळे विचारतात, कारण व्हिडिओत सगळ्यांची फरशी राखाडी चकचकीत. मारायचा असंल तर काँक्रीट नीट वाळल्याशिवाय मारू नका, महिनाभर तरी जाऊ द्या, पावसाळ्यात तर विचारच नको. खालनं ओल आली की पेंटचे फुगे येतात आणि मग ते सोलत बसा. मी नाही मारला. तेल सांडलं की वखारीतला भुसा टाकायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी झाडायचा. डाग राहतात. राहू देत.

शेडची साइज आतनं चौदा बाय वीस फूट आहे. मारुती साधारण अकरा फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद, दोन्हीकडचे दरवाजे पूर्ण उघडून माणूस वाकला पाहिजे, पुढं इंजिनसमोर उभं राहायला चार फूट पाहिजेत आणि एका भिंतीला बाकडं, असं मोजत गेलं की हीच साइज येते. यापेक्षा बारकं केलं तर ते पार्किंग, गॅरेज नाही. बांधायच्या आधी मार्जिन किती सोडायचं, परवानगी काय लागते हे आपल्या ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत आणि इंजिनिअरला विचारून घ्या, "पत्र्याचं शेड आहे, त्याला कोण विचारतंय" असं म्हणणारे नोटीस आली की फोन उचलत नाहीत.

छत पत्र्याचं. बारीक पत्रा घेऊ नका, अर्धा एमएमचा रंगीत घ्या. पावसापेक्षा मला भीती वळवाची. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं दुपारी चारनंतर जे वारं सुटतं ते पत्रा खालनं उचलतं, म्हणून पत्र्याचा बाहेर आलेला भाग जास्त ठेवायचा नाही आणि खांबाच्या बेसप्लेटचे बोल्ट काँक्रीटमध्येच गाडून घ्यायचे, नंतर ड्रिल मारून नाही. उंची कमी बाजूला दहा फूट, जास्त बाजूला बारा. एवढी का, तर मध्ये एक आय-बीम आडवा टाकलाय आणि त्याला चेन ब्लॉक म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी अडकवतो, मारुतीचं इंजिन-गिअरबॉक्स बाहेर काढायचं तर यापेक्षा सोपा उपाय नाही. हा बीम पत्र्याच्या कैचीला लटकवायचा नाही हं, त्याला दोन्हीकडं स्वतःचे खांब. कैची पत्रा पेलायला असते, इंजिन नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी होते त्यासाठी खालनं फॉइलचं फोम शीट आणि दोन्ही बाजूला वर जाळीच्या खिडक्या. टू-स्ट्रोक चालू करून ट्यून करत असताना शटर बंद ठेवायचं नाही. धूर दिसतो म्हणून आपण बाहेर पळतो, पण त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत पण नाही आणि त्याला वास पण नाही.

शटरचं तोंड पूर्वेला ठेवलं. आमचा पाऊस येतो नैऋत्येकडनं, आडवा, तासनतास, आणि गगनबावड्याकडं तर विचारूच नका. नैऋत्येला पक्की भिंत, एकही खिडकी नाही, आणि तिथंच जड सामान, बाकडं, व्हाइस (काम घट्ट धरायचा लोखंडी शिकंजा), लोखंडी कपाट. मामा वास्तूचं बघतात, त्यांनी येऊन नैऋत्य जड ठेवलंय म्हणून पाठ थोपटली. मी काय बोललो नाही.

करंटचं. हे जरा नीट वाचा कारण यात हात भाजत नाही, माणूस जातो. ओल्या फरशीवर, अनवाणी नाहीतर स्लीपरवर, हातात लोखंडी बॉडीचं जुनं ड्रिल, असं आपलं चित्र असतं. घरातल्या बोर्डावरनं एक्स्टेन्शन ओढून गॅरेज चालवायचं नाही. मीटरपासनं वेगळी चार स्क्वेअर एमएमची वायर, स्वतःचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठं गळायला लागला की लगेच तोडणारा स्विच. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो, दुकानदार एकाच्या जागी दुसरा देतो तो घेऊ नका. वेगळं अर्थिंग, कोळसा-मीठ घालून, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं. सॉकेट फरशीपासनं चार फूट वर, एक तर गाडी धुताना पाणी उडतं आणि दुसरं ते पेट्रोलच्या वाफेचं जे वर सांगितलं ते, ठिणगी खाली नको. दोन एचपीचा कंप्रेसर सुरू होताना एकदम करंट खेचतो, आणि संध्याकाळी शेतीपंप चालू झाले की आमच्याकडं व्होल्टेज एवढं पडतं की मोटर नुसती घुंघुं करते, अशा वेळी तिला बंद करायचं, चालू राहील म्हणून वाट बघत बसलं की वाइंडिंग जातं. वेल्डिंगला लहान इन्व्हर्टर मशीन, अडीच एमएमची कांडी साठ-नव्वद अँपिअरवर, घरच्या कामाला बक्कळ.

लाइट मध्यभागी लावू नका. मध्यभागी एक मोठा दिवा लावला की तुम्ही बॉनेटमध्ये वाकलात की तुमचीच सावली इंजिनवर. दोन्ही बाजूच्या भिंतींना वर, आतल्या बाजूला थोड्या कलत्या, वीस-वीस वॅटच्या एलईडी ट्यूब, आणि एक बाकड्यावर. बास एवढंच.

आता बाकडं, आणि हा माझा आवडीचा विषय. आजोबांचं जुनं घर पाडलं तेव्हा सागवानी तुळया निघाल्या होत्या, त्यातली एक वखारीत नेऊन चिरून घेतली. चिरायच्या आधी तिच्यातले खिळे काढण्यात एक आख्खी दुपार गेली, कारण वखारवाल्यानं सरळ सांगितलं, "पात्याला खिळा लागला तर पातं तुझं." दोन इंच जाडीच्या फळ्या निघाल्या. खाली अँगलचा सांगाडा, एका टोकाला तीन एमएमचा पत्रा ठोकला, तिथं तेलकट काम, दुसऱ्या टोकाला नुसतं लाकूड, कार्बोरेटरचे बारके जेट आणि स्क्रू पत्र्यावरनं उड्या मारतात, लाकडावर बसतात.

उंची किती ठेवायची यावर घरात तीन मतं होती. शेवटी उद्यमनगरातल्या, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागातल्या, एका जुन्या फिटर मेस्त्रींना बोलवलं, त्यांनी सगळी हयात लेथ आणि व्हाइसवर काढली आहे. त्यांनी मला व्हाइसपाशी सरळ उभं केलं, म्हणले, "मूठ वळ, कोपर व्हाइसच्या जबड्यावर ठेव, मूठ हनुवटीला लागती का बघ." लागली नाही, वीतभर खाली राहिली. "मग एवढं वर घ्यायला लागंल." आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात म्हणे. फाइल मारताना हात जमिनीला समांतर राहतो आणि पाठ वाकत नाही. आणि अजून एक त्यांनी करून घेतलं, व्हाइसचा पक्का जबडा बाकड्याच्या कडेच्या जरा बाहेर आला पाहिजे, म्हणजे लांब पाइप किंवा फोर्कची नळी उभी धरता येते, बाकड्याला अडत नाही. आणि व्हाइस बाकड्याच्या पायाच्या बरोबर वर, मध्ये नाही, नाहीतर हातोडी मारली की अख्खं बाकडं नाचतं. चहा पिताना त्यांनी माझ्या नव्या फायलींचा डबा उघडला, सगळ्या एकमेकींवर आपटत पडलेल्या बघितल्या आणि काही न बोलता डबा बंद केला. दुसऱ्या दिवशी मी भिंतीला खाचांची पट्टी ठोकली.

टू-व्हीलरसाठी मात्र वेगळं टेबल केलंय आणि पूर्ण शेडमधली सगळ्यात कामाची वस्तू तीच. सात फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, चाळीस एमएमच्या अँगलचा सांगाडा, वरनं एकोणीस एमएमचा प्लाय, पुढं चाक अडकवायला क्लॅम्प आणि मागच्या चाकाखाली प्लायचा निघणारा तुकडा, म्हणजे चाक खालनंच काढता येतं. चढवायला सुट्टा रॅम्प. आरएक्स शंभर किलोच्या आसपास, एकट्यानं पळत चढवता येते, पण चेतक चढवताना दोघं लागतात कारण त्याचं इंजिन उजवीकडं आणि तो सारखा त्या बाजूला झुकतो. उकिडवं बसून काम करायची सवय असलेल्या माणसाला वाटतं टेबल कशाला, चाळिशी आली की कळतं.

पेट्रोल साठवायचं नाही. कायद्यानं स्वतःच्या वापराला तीस लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं, पण त्याची भांडी कशी असावीत याचे नियम आहेत, आणि कोल्ड्रिंकची बाटली त्यात कुठंच बसत नाही. टाकी धुवायची असली की घट्ट झाकणाचा पत्र्याचा कॅन, आणि तो कॅन घराच्या भिंतीला नाही. दाराच्या आतल्या बाजूला आग विझवायचा एबीसी पावडरचा सहा किलोचा सिलिंडर आणि शेजारी वाळूची बादली. दाराशीच, कोपऱ्यात नाही, कारण आग लागली की माणूस दाराकडं पळतो, आगीकडं नाही. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं.

जुनं ऑइल गटारात ओतायचं नाही. पंचगंगेचं आधीच काय झालंय ते सगळ्यांना दिसतंय. मारुतीचं तीनेक लिटर निघतं, कॅनमध्ये साठवतो आणि अधिकृत रिसायकलरचा माणूस गोळा करतो त्याला देतो. सेंट्रिंगवाले पण प्लेटांना लावायला मागायला येतात, त्यांना नाही म्हणायला अवघड जातं, पण ते शेवटी मातीतच जातं. आणि जुन्या ड्रम ब्रेकची धूळ कंप्रेसरनं उडवू नका. जुन्या ब्रेक शूत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं टाकून द्या.

उंदीर. हे शहरातल्या लोकांना सांगितलं तर हसतात. ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर घराकडं येतात, आणि त्यांना मारुतीच्या बॉनेटखालची वायर का आवडते देव जाणे. शटरच्या खाली रबराची पट्टी, गटाराच्या तोंडाला जाळी, खिडक्यांना बारीक जाळी. तंबाखूच्या पुड्या टांगून काय होत नाही, माझ्या इथल्या उंदरांना ती सवय झालेली दिसते.

आता पाने. सुरुवातीला काय घ्यायचं तर दोन तोंडाच्या पान्यांचा सेट, सहा-सात पासनं वीस-बावीस पर्यंत, त्याच मापाचा रिंग सेट, आणि अर्ध्या इंचाचा बॉक्स सेट रॅचेटसकट. दहा, बारा, चौदा, सतरा हेच जास्त लागतात, त्यामुळं यांचे चांगले घ्या, बाकीचे कसलेही चालतात. नाशिकच्या टापारियाचे घेतले तर पोरांना पण पुरतील, मी काही त्यांच्याकडनं पैसे घेऊन सांगत नाहीय. आरएक्सवाल्यांनी एक लक्षात ठेवा, इंजिन कव्हरचे स्क्रू जपानी मापाचे असतात, आपला साधा फुली स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर चढतो आणि खाच खाऊन टाकतो. जपानी मापाचं टोक आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, वरनं हातोडीचा एक घाव आणि स्क्रू सुटतो. मॅग्नेट पुलर, म्हणजे इंजिनवरचं मॅग्नेटचं चाक ओढून काढायचं हत्यार, तेपण पहिल्या खरेदीतच घ्या, स्क्रू ड्रायव्हरनं उचकटलेले मॅग्नेट मी बघितलेत, बघवत नाहीत. चेतकच्या क्लचच्या नटाला खाचांचा वेगळाच बॉक्स लागतो, बाजारात शोधत फिरू नका, उद्यमनगरात कुठल्याही टर्नरला नट दाखवा, चहा पिऊन होईस्तोवर करून देतो. पुण्यातल्या लोकांना नाना पेठ आहे, आणि बुधवारी-रविवारी जुना बाजार, तिथं नशीब असलं तर जुने जर्मन पाने पण मिळतात.

टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळला ते मोजणारा पाना, सगळ्यांत शेवटी घ्या पण घ्याच. हेडचे बोल्ट हाताच्या अंदाजानं आवळणारे मेस्त्री असतात आणि त्यांचा अंदाज बरोबर असतो, कारण त्यांनी हजारो आवळलेत. आपण वर्षातनं एखादं हेड काढतो. वापरून झाला की सगळ्यात कमी आकड्याच्या खुणेपर्यंत सैल करून ठेवायचा, स्प्रिंग ताणलेली ठेवली की तो खोटं सांगायला लागतो.

पावसाळ्यात सगळ्या हत्यारांना गंज धरतो, म्हणून जूनच्या आधी एकदा मशीन ऑइलच्या फडक्यानं सगळं पुसून घेतो. हे काम आता पोरगी करते, प्रत्येक पान्याला पाच रुपये दर ठरलाय आणि गेल्या वर्षी तिनं तेच दहा नंबरचे पाने दोनदा मोजले.

पेंटिंग मात्र घरी करणार नाही. एकदा चेतकचं साइड पॅनेल बाहेर दारात स्प्रे केलं आणि वारं फिरलं, पलीकडच्या काकूंच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या. काकू चांगल्या आहेत, फक्त एवढंच म्हणल्या, "हिरव्या झाल्यात बाळा थोड्या, पण तळल्यावर दिसंना." स्प्रेच्या पेंटची बारीक धूळ हवेत कुठंपर्यंत जाते ते त्या दिवशी कळलं, त्याला बंद खोली, फिल्टर, ओढून घेणारा फॅन आणि तोंडाला धड मास्क लागतो, आणि तेवढी जागा माझ्याकडं नाही. पॅनेल काढायचे, घासून प्रायमरपर्यंत आणायचे आणि शिरोलीच्या पेंटरकडं टाकायचे. सध्या चेतकचा पुढचा मडगार्ड तिथंच आहे, पेंटर म्हणतोय गणपतीनंतर देतो.